माथाडीची लेव्ही आणि महामंडळाची खुर्ची

गेल्या हंगामात आमच्या पंचायत समितीमार्फत अठरा आले उत्पादक शेतकऱ्यांना घेऊन वाशीच्या बाजार समितीत गेलो होतो. माल कसा निवडतात, भाव कसा फुटतो, पट्टी कशी तयार होते हे शेतकऱ्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढाच दौऱ्याचा हेतू होता. रात्री जेवून निघालेली गाडी पहाटे तीन-साडेतीनला तुर्भ्याला पोचली. भाजीपाल्याचा बाजार तोवर ऐन भरात होता. उजाडल्यावर शेजारच्या कांदा-बटाटा बाजारात गेलो आणि तिथे आमच्यातले एक ज्येष्ठ शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, एका ट्रकापाशी थांबले ते हलेचनात.

ट्रकमधून गोण्या उतरत होत्या. वरचा गडी गोणी कडेला आणून खालच्याच्या पाठीवर देत होता, खालचा ती घेऊन गाळ्यात थप्पीला लावत होता. एक झाली की दुसरी. तात्यांनी खिशातून घडी घातलेली जुनी पट्टी काढली आणि मला म्हणाले, "साहेब, ह्या पट्टीत हमाली कापलीया. ती ह्या गड्याला मिळती, का मधल्यामधी जाती?"

मी काही सांगायच्या आत त्या गड्यानेच घाम पुसत विचारले, "पाव्हणं, कुठलं गाव?" गाव सांगितले तर तो पाटण खोऱ्यातलाच निघाला. मग बोलणे मोकळे झाले. तो म्हणाला, "तात्या, व्यापारी माझ्या हातात पैसं देत न्हाई. मंडळात जमा करतो, तिथनं मला मिळत्यात. वर फंड हाय, बोनस हाय, दवाखाना हाय. अण्णासाहेबांची पुण्याई."

तात्यांना अण्णासाहेब माहीत होते. मंडळ म्हणजे काय ते माहीत नव्हते. आपल्याकडे बहुतेकांचे असेच आहे. अण्णासाहेब पाटील म्हटले की आपल्याला आठवते ते मराठा आरक्षण आणि त्यांच्या नावाचे कर्ज महामंडळ. पण ज्या कामामुळे आज हजारो घरांत म्हातारपणी दोन पैसे येतात ते काम वेगळेच आहे आणि ते आधीचे आहे. दौऱ्याहून आल्यापासून हे लिहायचे डोक्यात होते.

हमालाचा धनी कोण?

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ चा. गाव मंद्रुळकोळे, तालुका पाटण. ढेबेवाडीकडचा हा सगळा भाग डोंगराळ. पावसाळ्यात भात, नाचणी. बाकीचे महिने हाताला काम नाही. म्हणून त्या काळी पाटण, जावळी, शिराळा या भागांतली तरणी माणसे मुंबईला जात. गिरणीत चिकटला तो नशीबवान. बाकीचे बाजारात ओझी वाहत. अण्णासाहेबही तसेच गेले आणि दारूखान्यात हमाली करू लागले. पुढे नेता झालेला हा माणूस स्वतः ओझी उचललेला होता, म्हणून हमाल त्याच्यामागे उभे राहिले, असे जुने लोक सांगतात. मला ते पटते. शेतात कधी न उतरलेल्या अधिकाऱ्याने शेतकऱ्याला खताची मात्रा सांगितली तर शेतकरी हो-हो म्हणतो आणि आपल्या मनाचेच करतो, हे आम्ही रोज बघतो.

तर त्या वेळच्या हमालाची अडचण काय होती? काम होते, पण धनी नव्हता. सकाळी एका दुकानाचा माल उतरवायचा, दुपारी दुसऱ्याचा चढवायचा, संध्याकाळी तिसऱ्याची थप्पी लावायची. मजुरी नगावर किंवा तोलावर, तीही टोळीच्या मुकादमाच्या हातून. पाठीवर गोणी घेऊन फळीवरून घसरला, पाय मोडला, तर जायचे कुणाकडे? प्रत्येक दुकानदार म्हणणार, हा माझा नोकर नाही. आणि कायद्याने ते खरेही होते. कामगार विम्याचा कायदा १९४८ चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. पण हे दोन्ही कायदे मालक आणि हजेरीपट गृहीत धरून केलेले. दिवसाला चार धनी असणारा हमाल कुणाच्याच हजेरीपटावर नव्हता.

हाच पेच गोदीत होता. तिथे जहाज आले की काम, नाही तर उपास. त्यावर केंद्र सरकारने १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा केला आणि कामगार कुण्या एका कंपनीचा न ठेवता मंडळाकडे नोंदवायची पद्धत आणली. मुंबईतल्या हमालांना हे समोर दिसत होते. गोदीच्या भिंतीच्या आत काम करणाऱ्याला एक न्याय आणि तोच माल भिंतीबाहेर वाहणाऱ्याला दुसरा, हे कसे?

अण्णासाहेबांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, संप केले. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली होती, तिकडूनही हीच मागणी होत होती. शेवटी वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. या माणसासाठी स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. केरळने डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांचा असा कायदा केला तो १९७८ मध्ये.

कायद्याची खुबी लेव्हीत

आता मंडळ कसे चालते ते नीट बघू, कारण तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

प्रत्येक धंद्याचे वेगळे मंडळ असते. किराणा बाजाराचे वेगळे, कापड बाजाराचे वेगळे, लोखंडाचे वेगळे, भाजीपाल्याचे वेगळे. मंडळावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारची माणसे असतात. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, टोळीनेही करायची. टोळीने महिन्यात जेवढे काम केले त्याची मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि त्या मजुरीवर आणखी काही टक्के रक्कम वर भरायची. या वरच्या रकमेला लेव्ही म्हणतात. ती सगळीकडे सारखी नाही, पण साधारण तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असते. मजुरी कामगाराला मिळते. लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या, औषधपाणी, अपघाताची भरपाई आणि मंडळाचा कारभार चालतो.

म्हणजे पाच धनी असले तरी पाचांचे पैसे एका ठिकाणी येतात आणि हमालाच्या नावावर एकच खाते चालते. आपल्या दूध संघासारखेच म्हणा ना. दूध रोज वेगळ्या गिऱ्हाइकाला जाते, पण शेतकऱ्याचे खाते संघात एकच. कायदा करणाऱ्यांनी हमालाला धनी मिळवून दिला नाही. ते शक्यच नव्हते. त्यांनी धन्याचे काम करणारे मंडळ दिले.

माझे चुलते या कांदा-बटाटा बाजारात होते. हा बाजार १९८१ साली मुंबईहून नव्या मुंबईत हलला, तेव्हा हमालही बरोबर आले. पुढे १९९० च्या सुमाराला मसाला आणि धान्याचे बाजार आले, १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळे. सिडकोने कोपरखैरणे, घणसोली भागात माथाडींसाठी घरे बांधली. चुलत्यांनी बरीच वर्षे एका खोलीत सहा-सात जणांबरोबर काढली, मग घर मिळाले. निवृत्त होताना फंड आणि ग्रॅच्युइटीची जी रक्कम हाती आली त्यातून गावच्या विहिरीचे अर्धवट राहिलेले कडे बांधले आणि मोटार बसवली. मी कृषी पदविका घेतली, योजना वाटत गावोगाव फिरतो. पण आमच्या स्वतःच्या शिवारात बारमाही पाणी आले ते शेतीखात्याच्या योजनेतून आलेले नाही. ते माथाडी मंडळाच्या पैशातून आले. हे मी कार्यालयात फारसे बोलत नाही.

आता तात्यांचा प्रश्न. पट्टीतली हमाली हमालाला मिळते का? नोंदलेला व्यापारी आणि नोंदलेली टोळी असेल तर मजुरी मंडळामार्फत मिळते. पण लेव्ही ही व्यापाऱ्याने, म्हणजे काम करवून घेणाऱ्याने भरायची. ती शेतकऱ्याच्या पट्टीतून काढायची चीज नाही. इथेच भांडणाचे मूळ आहे. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, पण हमाली आणि तोलाई पट्टीत राहिलीच. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत हमाली, तोलाई आणि लेव्ही कुणी भरायची या वादावरून कांद्याचे लिलाव बरेच दिवस बंद पडले होते. भांडण व्यापारी आणि हमालांचे, आणि माल सडला शेतकऱ्याचा. म्हणून माझे शेतकऱ्यांना सांगणे आहे की पट्टी हातात आली की नुसता शेवटचा आकडा बघू नका. हमाली किती, तोलाई किती, वाराई किती हे वाचा. 'इतर' असा रकाना असेल तर इतर म्हणजे काय ते विचारा. शंका असेल तर बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

पन्नास किलोची गोणी

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्याला खटकेल पण सांगितली पाहिजे. त्या ट्रकमधल्या काही गोण्या टम्म फुगलेल्या होत्या. पन्नास किलोच्या वर सहज. पाटणचा गडी म्हणाला, "गावाकडं भरताना तुमी दाबून भरता. तुमचं भाडं वाचतंय, आमची कंबर जातीया."

गोणी पन्नास किलोपेक्षा जड नसावी ही माथाडींची जुनी मागणी आहे. पूर्वी क्विंटलची पोती एकेका माणसाने वाहिली आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो धरली आहे. वाशीच्या बाजारात जादा वजनाच्या गोण्यांवरून माथाडींनी काम बंद ठेवल्याचे प्रसंग अलीकडेही घडले आहेत. काम बंद पडले की भाव पडतो आणि तोटा आपलाच. शिवाय दाबून भरलेल्या गोणीत कांद्याला हवा लागत नाही, खालचा थर चेपतो, तो वेगळाच तोटा. तात्या तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी मुलाला वजनकाटा खळ्यात आणून ठेवायला सांगितले, असे समजले.

१९८२ चा मार्च

अण्णासाहेब पुढे काँग्रेसचे विधान परिषदेचे आमदार झाले. माथाड्यांचा माणूस सभागृहात गेला याचा त्या लोकांना केवढा अभिमान होता! पण त्यांच्या मनात दुसरा प्रश्न घोळत होता. मराठा समाजातला जो थर आर्थिकदृष्ट्या मागे पडला आहे, ज्याच्यातून हे हमाल येतात, त्याला आरक्षण आणि सवलती मिळाव्यात अशी त्यांची मागणी होती. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होऊन दोनच महिने झाले होते. २२ मार्च १९८२ रोजी अण्णासाहेबांनी मुंबईत विधिमंडळावर मोठा मोर्चा नेला. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, त्यांनी आपले जीवन संपवले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

दरवर्षी २३ मार्चला पुण्यतिथीचा आणि २५ सप्टेंबरला जयंतीचा माथाडी मेळावा नव्या मुंबईत होतो. मंत्री येतात, भाषणे होतात. अण्णासाहेबांनी समाजासाठी बलिदान दिले असे प्रत्येक जण म्हणतो. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांच्या जाण्याचे कौतुक माझ्याने होत नाही. आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरी पंचनाम्याला आम्हाला जावे लागते. मागे राहिलेल्यांचे काय होते ते आम्ही पाहतो. जो माणूस तेरा वर्षांत हमालाला फंड मिळवून देतो तो आणखी वीस वर्षे जगला असता तर काय-काय करून गेला असता, हा विचार मेळाव्यात कुणी बोलून दाखवत नाही.

संघटना मात्र टिकली आणि तिच्यातून पुढारी तयार होत गेले. जावळीचे शशिकांत शिंदे याच माथाडी चळवळीतून आमदार झाले, २०१३ मध्ये जलसंपदा मंत्री झाले. अण्णासाहेबांचे चिरंजीव नरेंद्र पाटील राष्ट्रवादीतर्फे विधान परिषदेवर गेले. गंमत बघा, २०१९ च्या लोकसभेला सातारा मतदारसंघात नरेंद्र पाटील शिवसेनेकडून उभे राहिले आणि २०२४ ला शशिकांत शिंदे राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून. दोघांपुढे उमेदवार एकच, उदयनराजे भोसले. पहिल्या वेळी ते राष्ट्रवादीत होते, दुसऱ्या वेळी भाजपमध्ये. दोन्ही वेळा माथाडी नेता पडला. पण वाशीच्या बाजाराचे राजकारण साताऱ्याच्या गावागावांत किती मुरले आहे हे त्यावरून कळते. नव्या मुंबईतला हमाल मतदानाला गावी येतो, आणि येताना नुसता एकटा येत नाही.

महामंडळ आणि त्याचा अध्यक्ष

अण्णासाहेबांच्या नावाचे आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ मध्ये स्थापन झाले. पुढची बरीच वर्षे ते कागदावर जास्त आणि गावात कमी होते. २०१६-१७ मध्ये मराठा क्रांती मोर्चे निघाले, त्यानंतर सरकारला जाग आली आणि व्याज परताव्याच्या योजना सुरू झाल्या. २०१८ मध्ये नरेंद्र पाटील यांना महामंडळाचे अध्यक्ष नेमले. वडिलांच्या नावाची संस्था मुलाच्या हातात आली. त्यांनी गावोगाव मेळावे घेतले, बँकांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवले, आणि महामंडळाचे नाव तालुक्याच्या ठिकाणी पोचले हे मान्य करायला हवे. मग सरकार बदलले. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने त्यांची नेमणूक रद्द केली. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि ते पुन्हा अध्यक्ष झाले.

इथे मला बाप-लेकाच्या कामातला फरक सांगायचा आहे. कोण मोठा, कोण लहान हा माझा विषय नाही. माथाडी मंडळ कायद्यावर आणि लेव्हीवर उभे आहे. व्यापाऱ्याने माल उतरवून घेतला की लेव्ही लागते, मंत्रालयात कुणाचेही सरकार असो. महामंडळ उभे आहे अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर, आणि अध्यक्षाची खुर्ची शासन आदेशावर. तरतूद वेळेवर सुटली तर परतावा वेळेवर. नाही सुटली तर लाभार्थी बँकेत आणि आमच्यासारख्यांकडे हेलपाटे घालतो. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाने ट्रॅक्टर घेतला, हप्ते नियमित भरले, आणि व्याजाचा परतावा काही महिने अडकला. तो मला म्हणाला, "साहेब, हप्ता एक दिवस चुकला तर बँक फोन करती. परतावा चार महिनं चुकला तर मी फोन कुणाला करू?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही योजना उपयोगाची आहे, म्हणून गैरसमज दूर करतो. महामंडळ कर्ज देत नाही. कर्ज बँकच देते. महामंडळ त्या कर्जावरचे व्याज परत देते, तेही हप्ता वेळेवर भरला तरच. वैयक्तिक कर्जासाठी आधी दहा लाखांची मर्यादा होती, ती पुढे पंधरा लाख झाली, आणि परत मिळणाऱ्या व्याजाची मर्यादा तीन लाखांवरून साडेचार लाख. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. ज्या समाजघटकांसाठी वेगळे महामंडळ नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे. शेतकरी उत्पादक गटांसाठीही महामंडळाची गट प्रकल्प कर्ज योजना आहे. तिची चौकशी गटाच्या अध्यक्षांनी जरूर करावी. क्रम असा की आधी महामंडळाच्या संकेतस्थळावर अर्ज करून पात्रता प्रमाणपत्र घ्यायचे आणि मगच कर्ज मंजूर करून घ्यायचे. पुष्कळ जण आधी ट्रॅक्टर आणतात आणि मग प्रमाणपत्र मागायला येतात. मग काही करता येत नाही. आणि अध्यक्षांच्या ओळखीने कर्ज मिळवून देतो म्हणणारा कुणी गावात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, पैसे देऊ नका.

कायद्यावरचे ढग

माथाडी कायदा भक्कम आहे म्हणालो, पण त्यालाही वाळवी लागते आहे. काही ठिकाणी माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या झाल्या. कारखानदारांनी तक्रारी केल्या, त्या अगदी खोट्या होत्या असे कुणी म्हणणार नाही. त्याचे निमित्त करून २०२३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यातल्या काही तरतुदींनी खऱ्या माथाडीचेच काम कायद्याबाहेर जाईल अशी भीती संघटनांना वाटली. विरोध झाला, उपोषणे झाली, संप झाला आणि विधेयक समितीकडे गेले. दुसरीकडे २०१६ पासून भाजीपाला बाजार समितीबाहेर थेट विकायला मोकळीक मिळाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. मी स्वतः शेतकरी आठवडे बाजारांचा पुरस्कार करतो. पण वाशीत येणारा माल जेवढा बाहेर जातो तेवढे तिथल्या हमालाचे काम कमी होते. आणि तो हमाल आपल्याच भावकीतला आहे. एका घरातला थोरला गावात शेती करतो आणि धाकटा वाशीत गोणी उचलतो. यात कुणाची बाजू घ्यावी ते मला अजून कळलेले नाही.

आणि शेतकऱ्याला स्वतःला काय? त्याच्या मालावर लेव्ही लावून त्याच्या म्हातारपणाची सोय करणारे मंडळ अजून कुठे नाही. २०१९ मध्ये केंद्राची किसान मानधन योजना आली. अठरा ते चाळीस वयाच्या, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याने महिन्याला वयाप्रमाणे पंचावन्न ते दोनशे रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरणार आणि साठीनंतर महिना तीन हजार. आमच्या भागात नोंदणी फारच थोडी झाली. चाळिशी ओलांडलेल्याला तर दारच बंद. तात्यांचे वय अडुसष्ट.

ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींसाठी

गावातला जो माणूस माथाडी म्हणून नोंदलेला होता तो वारला, तर त्याचा फंड आणि ग्रॅच्युइटी वारसाला मिळते. पण आमच्या डोंगरी गावांत कागद तयार नसतात. मृत्यूची नोंद वेळेत झालेली नसते. मृत्यू दाखल्यावर एक नाव, मंडळाच्या पुस्तकावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे. तुकाराम कुठे तुकाराम असतो, कुठे नुसता तुका. बायकोचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. मग ती बाई गाव ते वाशी आणि वाशी ते गाव अशी फिरत राहते.

ग्रामसेवकांनी एक काम जरूर करावे. गावातून नव्या मुंबईत माथाडी म्हणून नोंदलेल्या माणसांची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी. नाव, टोळी क्रमांक, मंडळाचे नाव, वारसाचे नाव एवढे पुरे. जत्रेला सगळे गावी येतात, त्या दोन दिवसांत यादी होते. नावातल्या चुका माणूस जिवंत असतानाच दुरुस्त करून घ्याव्यात, आणि मंडळाकडे वारस नेमून दिला आहे का तेही विचारावे. चुलत्यांच्या वेळी आम्ही हे केले नव्हते. काकूंच्या नावाची एक वेलांटी दुरुस्त करायला मला तीन खेपा पडल्या, आणि मी तर सरकारी माणूस.

दौऱ्याहून परत येताना तात्या खिडकीपाशी बसले होते. पनवेल सोडल्यावर त्यांनी पुन्हा ती पट्टी काढली आणि मला हमालीचा आकडा दाखवत विचारले, "ह्यातलं त्या पाटणच्या गड्याच्या फंडात किती गेलं असंल वो?" मी म्हणालो, "तात्या, फंडाचे पैसे व्यापाऱ्याने वेगळे भरायचे असतात, तुमच्या पट्टीतून नाही." त्यांनी पट्टीची घडी घातली आणि म्हणाले, "मग ह्यो खाली 'इतर' म्हणून अठ्ठावीस रुपयं कशाचं?"

सोमवारी आम्ही दोघांनी मिळून बाजार समितीच्या सचिवांना अर्ज लिहिला आहे.